किनाऱ्याकिनाऱ्याने, आक्काच्या कलाने

'बोट लागणे' हा शब्दप्रयोग आपल्या घरात आजही कोणी वापरते का? नव्या पिढीला गाडी लागते, घाट लागतो; बोट लागण्याचा प्रसंग तिच्यावर सहसा येत नाही. परंतु सत्तरी ओलांडलेल्या कोकणी माणसापुढे हे दोन शब्द उच्चारून पाहा. भाऊचा धक्का, पत्र्याच्या ट्रंका, दोरीने आवळलेल्या वळकट्या आणि खालच्या डेकवरचा तेलाचा नि सुक्या मासळीचा मिश्र वास त्याच्या डोळ्यांत आणि नाकात एकदमच उभा राहील. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली ती 26 जानेवारी 1998 रोजी. त्याआधी कित्येक दशके मुंबई आणि कोकण यांचे नाते आगबोटीच्या भोंग्याने बांधलेले होते.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, 1958 साली अशाच एका आगबोटीने मालवणहून मुंबईला आली. ती दहा वर्षांची होती आणि मी दोन वर्षांचा. आजी अंथरुणाला खिळली होती, तिची शुश्रूषा करण्यासाठी आई गावीच राहिली आणि आत्याच्या सोबतीने आम्हा दोघांना वडिलांकडे धाडण्यात आले. बोट बंदरात येत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत नेले जाई. त्या हेलकावणाऱ्या पडावात मला कडेवर घेऊन आक्का बसली होती. 17 जुलै 1947 रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट मुंबईबाहेरच्या समुद्रात बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली होती. त्या घटनेला तेव्हा अकराच वर्षे झाली होती, त्यामुळे किनाऱ्यावर उभ्या असलेल्या आईच्या मनात काय चालले असेल याची आपण कल्पना करू शकता. आईने आक्काला एकच गोष्ट बजावली होती, "बाळाला सोडू नको." आक्काने मला सोडले नाही. पुढे मोठे होईपर्यंतही सोडले नाही.

हे सारे सांगण्याचे कारण असे, की गेल्या पौषात सत्त्याहत्तर वर्षांची आक्का पुन्हा एकदा समुद्रमार्गाने मालवणला गेली. तिला जाऊ द्यायला सर्वांत जास्त विरोध मी केला होता.

पडण्याची भीती

दीड वर्षापूर्वी आक्का न्हाणीघरात घसरली आणि तिचे मनगट मोडले. हाड सहा आठवड्यांत सांधले. मन मात्र सांधले नाही. आधी तिने भाजीला जाणे सोडले, मग देवळात जाणे, मग इमारतीचा जिना उतरणेच. आम्हाला वाटले, बरे झाले, आता काळजी नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी असे माणूस आहे, त्यांना हा सुटकेचा निःश्वास ओळखीचा वाटेल. परंतु आमच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट शब्दांत समजावले. पडण्याची भीती हीच वार्धक्यातील एक व्याधी आहे. भीतीने चालणे कमी होते, चालणे कमी झाले की मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू झडतात, तोल ढळतो आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. ज्या खुर्चीला आपण सुरक्षित समजतो, ती खुर्चीच हळूहळू माणसाला अधू करते.

माझ्या मुलाने तीन मित्रांबरोबर शिडाची एक जुनी नौका घेतलेली आहे. लांबी 34 फूट, आत चार जण आडवे होतील एवढी केबिन आणि वारा पडला तर चालवायला लहानसे इंजिन. ती मुंबईहून गोव्याला न्यायचे त्याने ठरवले. जेवताना तो नकाशा उलगडून बंदरांची नावे वाचू लागला, "दिघी, हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण..." आणि दीड वर्ष ज्या बाईने जिना उतरला नव्हता ती म्हणाली, "मला ने."

मी तत्काळ 'नाही' म्हटले. वय, मनगट, रक्तदाब अशी सारी कारणे एका दमात सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "यातले एक तरी तू मला विचारून बोललास का?"

वाचकहो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. काळजी घेता घेता आपण समोरच्याच्या वतीने नकार देऊ लागतो आणि तो अधिकार आपल्याला कोणी दिला, हे विचारायचे राहून जाते. धोका आहे की नाही, एवढाच प्रश्न नसतो. धोका कोणता, तो किती कमी करता येईल आणि उरलेला पत्करायचा की नाही हे कोणी ठरवायचे, असे त्या प्रश्नाचे तीन भाग असतात. पहिल्या दोहोंत डॉक्टरांची आणि जाणत्यांची मदत घ्यावी. तिसरा भाग, बुद्धी शाबूत आहे तोवर, त्या माणसाचाच असतो.

सहा आठवड्यांची तयारी

आम्ही सहा आठवडे घेतले. डॉक्टरांनी हृदय, रक्तदाब, रक्तातील क्षार तपासले आणि सर्व औषधांची एक यादी करून दिली. भौतिकोपचार करणाऱ्या ताईंनी रोजचे व्यायाम सांगितले. हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे, ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे, भिंतीलगत एका पावलापुढे दुसरे पाऊल चिकटवून चालणे आणि रोज एक जिना. हे व्यायाम समुद्रासाठीच असतात असे नाही. कोणत्याही घरात ते करता येतात, मात्र सुरुवातीला कोणीतरी जवळ उभे असावे.

त्या ताईंनी मलाही एक धडा दिला. वृद्ध माणसाला चालवताना आपण त्याचा दंड घट्ट धरतो. तसे करू नये. दंड धरला की त्याचा तोल आपल्या हातात जातो आणि आपण गडबडलो तर दोघेही पडतो. आपण किंचित पुढे, बाजूला उभे राहून त्याला आपला खांदा किंवा कोपर धरू द्यावे. धरणारा हात त्याचा असावा, म्हणजे केव्हा धरायचे आणि केव्हा सोडायचे हे तो ठरवू शकतो.

मग प्रयोग झाले. पहिल्या रविवारी मुंबई बंदरातच तासभर, दुसऱ्या रविवारी मांडव्यापर्यंत. आक्काला बोट लागली नाही. वयोमानाने हा त्रास पुष्कळदा कमी होतो. सर्वाधिक होतो तो लहान मुलांना. प्रवास ठरला तो केवळ दिवसाउजेडी, छोट्या टप्प्यांचा. रोज संध्याकाळी जमिनीवर मुक्काम आणि सूनबाई मोटारीने किनाऱ्याच्या रस्त्याने समांतर येणार, म्हणजे कोणत्याही बंदरावर उतरून घरी परतता येईल. बंदर अधिकाऱ्यांना मार्ग कळवला, प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट घेतले आणि तटरक्षक दलाचा 1554 हा मदतीचा क्रमांक केबिनच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिला.

मुंबईहून गोव्याचे अंतर समुद्रमार्गे सुमारे 215 सागरी मैल, म्हणजे 400 किलोमीटर. आमची नौका ताशी पाच सागरी मैल, सायकलच्या संथ वेगाने जाते. एवढ्या सावकाश गेलेल्या प्रवासातच किनारा नीट दिसतो, हे पुढे कळले.

मतलई आणि खारा

पौष शुद्ध षष्ठीला सकाळी सातला आम्ही नांगर उचलला. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर वाऱ्याचे वेळापत्रक ठरलेले असते. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे जमिनीवरून समुद्राकडे थंड वारा वाहतो; त्याला मतलई म्हणतात. दहा-अकराच्या सुमारास तो पडतो. समुद्र आरशासारखा होतो. मग तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरून खारा वारा सुटतो, दुपारी भर धरतो आणि सूर्यास्तानंतर मंदावतो. दक्षिणेला जाणाऱ्याला तो मागून मिळतो. शीड भरते, इंजिन बंद होते आणि मग केवळ पाणी कापले जाण्याचा आवाज उरतो.

मध्यान्हापूर्वी खांदेरी दिसली. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी या दोघांनीही विरोध केला होता. शेजारची उंदेरी मग सिद्दीने बांधून काढली. आज दीपगृहाखाली कोळ्यांच्या होड्या विसावलेल्या असतात. पुढे अलिबागचा कुलाबा, मग रेवदंड्याच्या खाडीवरचे कोर्लई. तेथील एका वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली बोली आजही बोलली जाते. आक्का नौकेच्या मागच्या भागात, पाठीला उशी आणि पायाला आधार घेऊन बसली होती. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिला दूरचे माझ्याहून स्वच्छ दिसते. मासेमारीच्या जाळ्यांचे तरंगते बोये दिसले की ती हात करून सांगे, "डावीकडे बोया." जाळे पंख्यात अडकले तर नौका अडते, म्हणून हे काम महत्त्वाचे असते. पहिल्या दिवशी मुलाने ते तिला मान म्हणून दिले होते. दुसऱ्या दिवशी ते तिचेच झाले.

एक गोष्ट मात्र बिघडत होती. दुपारपर्यंत आक्काने दोन घोटांपलीकडे पाणी घेतले नव्हते. ओठ सुकले होते, आवाज ओढलेला होता. पुन्हा पुन्हा विचारल्यावर तिने संकोचाने सांगितले, की नौकेवरचे शौचकूप कपाटाएवढे आहे, हलत्या बोटीत तेथे जायची भीती वाटते, म्हणून पाणीच नको. प्रवासात आपल्या घरातील किती आया, आज्या हेच करत असतील! वयपरत्वे तहानेची जाणीव मुळातच मंद होते. त्यात पाणी जाणूनबुजून टाळले की रक्तदाब घसरतो, चक्कर येते, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, कधीकधी माणूस गोंधळल्यासारखेही बोलू लागते. उपाय साधा होता. दिघीला नांगर टाकल्यावर मुलाने शौचकूपात धरण्यासाठी दोन कडे बसवली, आतून लावायच्या कडीऐवजी पडदा टांगला आणि दर दोन तासांनी नौका वाऱ्याला अनुकूल करून पाच मिनिटे हेलकावा कमी करायचे ठरले. त्याच वेळी पेलाभर पाणी किंवा मीठ घातलेले कोकमाचे सरबत. आक्काने पुढे सात दिवस पाण्याची कुरकूर केली नाही.

तिथीची पाऊणपट

दिघीजवळ राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा उभा आहे. त्या संध्याकाळी नौकेवरून लहान रबरी होडीत आणि होडीतून धक्क्यावर कसे उतरायचे, याची मला धास्ती होती. समुद्रप्रवासात वृद्धांना सर्वांत जोखमीचा क्षण वादळाचा नसतो. तो चढण्या-उतरण्याचा असतो. ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवर शेवाळ असते. भरतीला पाणी वर येते आणि कोरड्या पायरीवर पाऊल ठेवता येते.

मुलगा मोबाइलवर भरतीचे तक्ते शोधत होता. आक्काने बोटांची पेरे मोजली आणि म्हणाली, "साडेचार." आम्ही पाहतच राहिलो. तिने सांगितले, "तिथीची पाऊणपट करायची. आज षष्ठी. साहाची पाऊणपट साडेचार." हा जुना ठोकताळा मुंबईच्या आसपास बराच जुळतो, दक्षिणेकडे वेळ थोडी सरकते. भरती रोज साधारण 50 मिनिटे पुढे ढकलली जाते, त्याचेच हे गणित. तक्त्याशी ताडून पाहिले तर फरक फारसा नव्हता. सप्तमी-अष्टमीचे दिवस भांगाचे, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी असण्याचे. सप्तमीला हर्णै, अष्टमीला जयगड, दोन्हीकडे भरती नेमकी संध्याकाळी. "म्हणजे तीन दिवस कोरड्या पायरीवर उतरायला मिळेल," आक्का म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून मुलगा तक्ता पाहायचा, पण आधी आत्याला विचारायचा.

हे मी विशेष आवर्जून लिहितो. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना आपण सुखरूप नेतो, जपतो, जेवू घालतो. पण त्यांना काही विचारतो का? नुसता नेला जाणारा माणूस सामानासारखा होतो. ज्याच्यावर काही अवलंबून आहे, तो ताठ बसतो.

तेव्हाही आणि आताही

हर्णैच्या वाळूवर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो. समोर सुवर्णदुर्ग. ती संध्याकाळ फार सुंदर होती आणि त्या आनंदात मी एक मूर्खपणा केला. आदल्या दिवशी मला थोडे मळमळले होते. दुसऱ्या दिवशीचा टप्पा लांबचा, म्हणून सकाळी मुलाच्या मित्राच्या डबीतून उलटी न होण्याची एक गोळी मागून घेतली आणि तासाभराने आणखी एक. आक्काची औषधे मी यादीबरहुकूम देत होतो. स्वतःची यादी केलीच नव्हती.

दाभोळची खाडी ओलांडताना खारा वारा जोरात आला. लाटा मागून येत होत्या, नौका डावी-उजवीकडे झुलत होती. माझे डोळे मिटू लागले, तोंड कोरडे पडले, जीभ जड झाली. काहीतरी आणायला उठलो आणि पाय कुठे ठेवतो आहे हेच कळेना. कठड्याकडे झोकांडी जाणार तोच आक्काचा आवाज आला, "खाली बस!" लहानपणी आली असती तशीच ती हाक होती. मी बसलो. लगोलग पोट ढवळून सारे बाहेर आले.

त्यानंतरचे दोन तास मी साठीपार गेलेला काळजीवाहू नव्हतो. आक्काने मला आपल्या शेजारी, नौकेच्या मध्याजवळ, जिथे हेलकावा सर्वांत कमी असतो तिथे बसवले. "खाली बघू नको. किनाऱ्याची रेघ दिसते ना, तिच्यावर नजर ठेव." यामागे शास्त्र आहे. कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय मेंदूला सांगते की आपण हलतो आहोत आणि केबिनची स्थिर भिंत पाहणारे डोळे सांगतात की नाही. या विसंगतीतून मळमळ होते. दूरच्या स्थिर रेषेवर नजर ठेवली की दोघांची साक्ष जुळू लागते. तिने आलेपाकाचा तुकडा जिभेवर ठेवला, दर काही मिनिटांनी चमचाभर सरबत पाजले, ओल्या पंचाने मान पुसली आणि मग हसून मालवणीत म्हणाली, "तुका तेव्हा पण बोट लागलेली."

मधली सारी वर्षे तेवढ्यापुरती नाहीशी झाली. मला तो पडाव आठवत नाही, आठवणे शक्यही नाही. पण ते दहा वर्षांचे पोर कसे बसले असेल, आपल्याला स्वतःला काय वाटते आहे हे बाजूला ठेवून मांडीवरच्या बाळाकडे कसे पाहत असेल, ते मी जयगडच्या वाटेवर प्रत्यक्ष पाहिले. दीड वर्ष जिला मी 'जपत' होतो, तिचे हे सामर्थ्य मी खुर्चीत बसवून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला पोहोचेपर्यंत मला लघवीला अडखळत होते. तेथील डॉक्टरांनी कारण सांगितले. उलटी व मळमळ थांबवणाऱ्या अनेक गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, भ्रम होतो, तोल जातो, आणि प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असेल तर लघवी अडू शकते. माझी ती वाढलेली आहे, हे मी कोणाला सांगितलेच नव्हते. काचबिंदूचा एक प्रकार असणाऱ्यांनाही या गोळ्या बाधू शकतात. म्हणून अशी गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून, दुसऱ्याच्या डबीतून, कदापि घेऊ नये. आणि जो दुसऱ्याची शुश्रूषा करतो, त्याच्याही औषधांची यादी घरात असावी. सुदैवाने एक दिवस थांबल्यावर मला बरे वाटले. त्या विश्रांतीच्या दिवशी आक्का सूनबाईंचा खांदा धरून भाट्याच्या वाळूवर चालली.

एक रात्र मालवणसमोर

एकादशीला विजयदुर्ग. किल्ल्याच्या तटाला समुद्र तिन्ही बाजूंनी भिडतो आणि वाघोटन खाडीत शिरल्यावर पाणी एकाएकी निवांत होते. मराठ्यांच्या आरमाराने हे बंदर का निवडले, ते नौकेतून आत शिरताना न सांगता कळते. भरती उशिरा, म्हणून अंधार पडेपर्यंत आम्ही नौकेतच बसून राहिलो. द्वादशीला देवगड.

त्रयोदशीच्या दुपारी चार वाजता सिंधुदुर्गाचा तट दिसला. 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला गेला. भोवती खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. किल्ल्यापलीकडे मालवणचा धक्का. आक्का उभी राहिली. एक हात दोरावर, एक हात माझ्या खांद्यावर.

परंतु गणित उलटले होते. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे चारला पूर्ण ओहोटी, आणि पौर्णिमा जवळ आल्याने उधाणाचे दिवस. पाणी खूप खाली गेलेले. धक्क्याच्या पायऱ्या हिरव्यागार शेवाळाने माखल्या होत्या. मुलगा म्हणाला, "आत्या, दोघे जण तुला उचलून घेतो. पाच मिनिटांचे काम." मीही मान हलवली. सूनबाई धक्क्यावर वाट पाहत होती.

आक्काने पायऱ्यांकडे पाहिले. "नको," ती म्हणाली. "उद्या सकाळी भरतीला उतरू. एवढी वर्षे थांबले, एक रात्र काय जड आहे?"

ती रात्र आम्ही नांगरावरच काढली. मेतकूट-भात खाल्ला. चांदणे एवढे पडले की तटाचे दगड मोजता यावेत. आक्काने बोट दाखवून सांगितले, आगबोट कुठे उभी होती, पडाव कुठून निघाला, आई कुठे उभी होती. "मी वळून बघितले नाही," ती म्हणाली. "वळले असते तर तू हातातून सुटला असतास." पुढे ती काही बोलली नाही आणि आम्हीही विचारले नाही.

सकाळी साडेदहाच्या सुमारास पाणी वरच्या कोरड्या पायरीला लागले. रबरी होडी धक्क्याला भिडली. मी सवयीने दंड धरायला हात पुढे केला. "खांदा दे," ती म्हणाली. मी खांदा दिला. तिने तो धरला, पायरीवर पाऊल ठेवले, वजन पुढे नेले आणि हात सोडला.

दुसऱ्या दिवशी नौका गोव्याकडे निघाली. मी तिची पिशवी उचलली, तेव्हा ती म्हणाली, "मी नाही येत. मला इथपर्यंतच यायचे होते." मी आग्रह करणार होतो, मग थांबलो. 'ने' म्हणण्याचा अधिकार तिचा, तसा 'पुरे' म्हणण्याचाही तिचाच. आम्ही दोघे चार दिवस मालवणात राहिलो आणि रेल्वेने परतलो. आता ती रोज सकाळी जिना उतरते.

आपल्या घरातून

वाचकहो, शिडाची नौका प्रत्येकाला लाभत नाही आणि प्रत्येकाने असा प्रवास करावा असे माझे म्हणणेही नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, फिट्स किंवा रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी आणि स्मृतिभ्रंशामुळे भान हरपणाऱ्यांच्या कुटुंबीयांनी तर डॉक्टरांच्या संमतीवाचून विचारही करू नये. परंतु समुद्राची ओढ असणाऱ्यांसाठी सोपे मार्ग आहेत. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी, मोटारीसह चढता येणारी रो-रो बोट 2020 पासून चालू आहे. दिघी-आगरदांडा, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या खाड्या ओलांडणाऱ्या फेरीबोटींत मोटार सरळ आत जाते. काही मिनिटांचाच प्रवास; पण खाडीवरचा वारा तोच असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. सकाळची वेळ त्याहून चांगली. टोपी, गडद चष्मा, पाण्याची बाटली, औषधांची यादी आणि सोबतीला धरता येईल असा एक खांदा एवढे जवळ असावे.

आणि निघण्यापूर्वी एक करावे. आपल्या आईला, वडिलांना, थोरल्या बहिणीला विचारावे, "तुम्हाला कुठे जायचे आहे?" मग उत्तर संपेपर्यंत ऐकावे. आमच्या घरी मी ते फार उशिरा विचारले, तेही तिने मला विचारल्यानंतर.